पेक, ऑड्री आणि ते "काहीतरी"

प्रिय आई-बाबा,

फोनवर आपलं बोलणं बीपीच्या गोळ्या आणि सोसायटीचं पाणी याच्यापुढे जातच नाही, म्हणून हे पत्र लिहितेय आणि यात फक्त पिक्चरबद्दल बोलणारे. सध्या रात्री मुलं झोपली की मी जुने हॉलिवूडचे सिनेमे बघत बसते, बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट. बाबा, ग्रेगरी पेकचं नाव निघालं की तुम्ही नुसतं "त्या माणसात काहीतरी होतं" एवढं म्हणून गप्प बसायचात ना, ते काहीतरी म्हणजे नेमकं काय हे मला आत्ता कुठे दिसायला लागलंय.

देखणे तर त्या काळात सगळेच होते, स्टुडिओवाले निवडूनच घ्यायचे तसे. पण यातले जे खरे मोठे होते ना, ते पडद्यावर काहीच करत नसतात तेव्हा सगळ्यात जास्त बघावेसे वाटतात. समोरच्याचं ऐकताना, वाट बघताना, नुसतं चालताना. रोमन हॉलिडेचा शेवट आठवा, १९५३ चा पिक्चर, डायरेक्टर विल्यम वायलर. पेक त्यात पत्रकार आहे आणि ऑड्री हेपबर्न राजकन्या, दोघं प्रेमात पडलेत. राजकन्या सगळ्या पत्रकारांना भेटून आत निघून जाते, हॉल रिकामा होतो, आणि पेक एकटा उभा राहतो. मग खिशात हात घालून सावकाश चालत येतो, एवढ्या मोठ्या दालनात त्याच्या बुटांचा आवाज घुमतोय, डायलॉग नाही, रडणं नाही, शेवटी एकदा थांबून मागे बघतो आणि जातो. चेहऱ्यावर जेमतेम काही हलतं पण आपल्याला सगळं कळतं, ती आता परत येणार नाही हे त्याला कळलंय आणि त्याने ते मान्य केलंय हेसुद्धा. मी तेवढा सीन मागे नेऊन नेऊन बघितला.

आणि माणूस म्हणूनही मोठा हो. त्याच्या करारात पिक्चरच्या नावाच्या वर फक्त त्याचंच नाव येणार असं ठरलेलं होतं, ऑड्री हेपबर्नला तेव्हा हॉलिवूडमध्ये कोण ओळखत होतं, पण शूटिंग चालू असतानाच त्याने सांगितलं की हिचंही नाव माझ्या बरोबरीने वर टाका. तिला पुढे त्याच रोलसाठी ऑस्कर मिळालं. मला वाटतं हा मोठेपणा पडद्यावरही दिसतो, तो तिच्यावर कुरघोडी करायला जात नाही, तिला जागा देतो.

ऑड्रीची निवड कशी झाली ते तर फारच गोड आहे. लंडनला तिची स्क्रीन टेस्ट घेतली, सीन संपला, कट म्हणून झालं, पण कॅमेरा मुद्दाम चालूच ठेवला होता. तिला वाटलं झालं एकदाचं, ती उठून बसली, हसली, कसं झालं म्हणून विचारायला लागली आणि तेच बघून वायलरला ती पटली. म्हणजे पाठ केलेला सीन राहिला बाजूला, नंतरचं ते मोकळं हसणंच कामी आलं. पिक्चरमध्ये ते दगडी तोंड आहे ना, ज्यात खोटं बोलणाऱ्याने हात घातला की हात तुटतो म्हणतात, तिथे पेकने हात बाहेर काढताना पंजा बाहीत लपवला, तिला कोणी सांगितलंच नव्हतं, ती जी किंचाळली ती खरोखरची. आता माहीत असूनही मला दरवेळी हसू येतं.

आई, तू देव आनंदवाली. लोक त्याला आपला ग्रेगरी पेक म्हणायचे हे खरंय, पण मला दोघं अगदी वेगळे वाटतात, देव सतत हलता, मान तिरकी, हात झुलते, आणि पेक एखाद्या वडाच्या झाडासारखा उभा. मला दोन्ही आवडतात, भांडू नकोस.

तुझ्यासाठी मी इन्ग्रिड बर्गमन काढून ठेवलीये. तिला अमेरिकेत आणलं तेव्हा तिचं नाव बदलू, भुवया नीट करू, दात सरळ करू असं सगळं ठरत होतं, तर तिने सरळ नाही सांगितलं. कॅसाब्लांका (१९४२) मध्ये ती पियानोवाल्याला जुनं गाणं वाजवायला लावते आणि कॅमेरा किती तरी वेळ नुसता तिच्या चेहऱ्यावर थांबतो. ती फक्त ऐकतेय. लाइट असा लावलाय की डोळ्यांत बारीक चमक दिसते, पाणी आहे की नाही कळत नाही. शूटिंगच्या वेळी शेवट पक्का नव्हता, नायिका दोघांपैकी कोणाबरोबर जाणार हे तिलाच माहीत नव्हतं, डायरेक्टरने मधलं काहीतरी कर म्हणून सांगितलेलं. तू नेहमी म्हणतेस मला इंग्रजी कळत नाही, या सीनला इंग्रजी लागतच नाही गं.

कॅरी ग्रँटचा नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (१९५९) बाबांनी बघावा, ते ओसाड रस्त्यावर विमान मागे लागतं त्यासाठी. तेव्हा तो पंचावन्नच्या आसपास होता, पण पळताना, पडताना अंग कसं हलकं, कारण लहान वयात तो इंग्लंडात कसरतीच्या कंपनीत होता, त्याचं खरं नाव आर्ची लीच.

ग्रेटा गार्बोबद्दल एकच सांगते. क्वीन क्रिस्टिना (१९३३) च्या शेवटी ती जहाजाच्या टोकाला उभी आहे आणि कॅमेरा जवळ जवळ येत जातो. डायरेक्टरने सांगितलं होतं की कसलाच विचार करू नको, चेहरा कोरा ठेव, पापणीसुद्धा लववू नको. बघणारा आपलं आपलं दुःख त्या चेहऱ्यावर ठेवतो. मला तिथे रडायला आलं, बाबा.

हे सगळे पिक्चर पेनड्राइव्हमध्ये घालून कुरियर केलेत, खालच्या मजल्यावरचा मुलगा टीव्हीला लावून देईल. मोतीबिंदू काढल्यापासून बाबांना स्वच्छ दिसतंय तर बातम्या थोड्या कमी बघा आणि हे बघा. दुपारी बघा, रात्री जागू नका. आधी रोमन हॉलिडे.

आणि बाबा, एक काम. मुंबईचं मेट्रो तर हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने स्वतः बांधलेलं थेटर, १९३८ चं, आणि तुम्ही कॉलेज बुडवून तिथे आणि रीगलला मॅटिनीला जायचात. तिथे काय काय बघितलंत, कोण मित्र बरोबर असायचे, आईला कुठला दाखवायला नेलं होतंत, सगळं वहीत लिहून काढा. नीट नाही झालं तरी चालेल, आठवेल तसं. मला ते हवंय, मी दिवाळीत आले की घेऊन जाईन.

तुमची लेक