अंधारी नेमकी कधी आली?

नाशिक,
१० जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू "अरे, पित्त असेल" म्हणून विषय बदलतोस, म्हणून हे पत्र. पित्ताचं नंतर बघू. आधी एवढं नीट आठवून सांग: पांडवलेणीच्या पायऱ्यांवर डोळ्यांपुढे अंधारी आली ती चढता चढता, की वर पोचून थांबल्यावर?

डॉक्टरसाठी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चढताना पोटऱ्यांचे स्नायू आवळून-सैलावून पायांतलं रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की हा पंप बंद पडतो, पण पायांतल्या रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त खाली साचतं, रक्तदाब पडतो, अंधारी येते. हे बहुधा निरुपद्रवी. शेवटची पाच-दहा मिनिटं हळू चालत राहिलं की टळतं. मात्र ऐन जोरात असताना अंधारी आली, तर तपासणीत दुसरं कारण सापडेपर्यंत ते हृदयाचंच समजायचं. आधी मळमळ नाही, घाम नाही, नि माणूस धाडकन कोसळला किंवा त्याआधी छातीत धडधड, दडपण जाणवलं, तर जास्तच.

पन्नाशीपुढे मला दोन गोष्टींचा संशय आधी येतो. एक, हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे. दुसरी, ॲओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप, अरुंद होणं. ही झडप उघडली की साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटर वाट असते; ती १ च्या आसपास किंवा खाली आली की आजार गंभीर. बसल्याजागी काही कळत नाही. श्रम करताना स्नायूंच्या रक्तवाहिन्या उघडतात, पण झडपेतून तेवढं रक्त बाहेर पडतच नाही. दाब घसरतो नि मेंदूला कमी पडतं.

तिसरा प्रकार हृदयाचा स्नायू जाड होण्याचा. तो सुमारे ५०० माणसांत एकाला असतो, बहुधा आनुवंशिक असतो आणि तरुण खेळाडूही त्यात अचानक जातात. तुझे काका चाळिशीतच झोपेत गेले, हे तू बोलता बोलता सांगून गेला होतास. ते कागदावर लिहून डॉक्टरांना दे. गरज वाटली तर ते तुझ्या मुलाची, ओंकारचीही तपासणी सांगतील. चौथा प्रकार ठोक्यांच्या विजेचा: ठोके फार वेगानं धावणं, किंवा श्रमात वाढायच्या ऐवजी अडणं.

आता क्रम. 'हार्ट चेकअप' पॅकेज घेऊन परस्पर टीएमटीच्या, म्हणजे चालत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याच्या चाचणीच्या, पट्ट्यावर चढू नकोस. झडप खूप अरुंद असेल तर ती चाचणीच धोक्याची. आधी ईसीजी, मग टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी), आणि ते पाहून डॉक्टर म्हणाले तर टीएमटी. चोवीस तासांचा होल्टर (ठोके सतत नोंदवणारं अंगावरचं यंत्र) लावला तर त्या दिवशी काय जाणवलं ते वेळेसकट लिही. मात्र महिन्यातून एकदा येणारी चक्कर त्यात बऱ्याचदा सापडत नाही. सोबत हिमोग्लोबिन (पुरुषात १३ च्या खाली म्हणजे कमी), साखर, पोटॅशियम. रक्तदाब पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजायला सांग. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडला, तर गोळ्यांकडे बघावं लागेल. बीपीची गोळी, त्यातलं लघवी वाढवणारं औषध, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, सगळी पाकिटं घेऊन जा. मनानं एकही बंद करू नकोस.

आणि नाशिकच्या उंचीला दोष देऊ नकोस. सुमारे ६०० मीटरवर कुणाला चक्कर येत नाही.

एको होईपर्यंत पायऱ्या, जिम, पोहणं बंद. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर बोलता येईल इतक्या वेगानं चाल, तेही एकटा नको. तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी फेरी या वर्षी सोड, राग आला तरी चालेल. उपाशीपोटी, घामानं पाणी-मीठ गमावत, चिखलात वीसेक किलोमीटर हा तुझ्यासाठी आत्ता सर्वांत वाईट बेत आहे.

पुन्हा अंधारी आली तर उभा राहून सावरू नकोस, लगेच खाली आडवा हो, पाय वर. छातीत दुखलं किंवा शुद्ध गेली तर १०८. वहिनींनाही सांगून ठेव: माणूस हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, गाडी येईपर्यंत. आचके देत घेतलेला श्वास हा श्वास नव्हे. लोक तिथेच फसतात.

ईसीजी या आठवड्यातच काढ. ती पट्टी उष्णतेनं उमटणाऱ्या कागदाची असते, प्लास्टिकच्या पिशवीत नि उन्हात फिकी पडते. म्हणून तिथेच सपाट ठेवून फोटो काढ, वरचे आकडे, विशेषतः क्यूटीसी (ठोक्यामागे हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ), स्पष्ट दिसू देत, आणि मला व्हॉट्सॲपवर पाठव.

तुझा,
अविनाश