झाडं मे महिन्यात मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आपल्या दैनिकात शाळाशाळांच्या वृक्षारोपणाचे फोटो येतात. काही वर्षांपूर्वी आमच्याही शाळेचा आला होता. काजूचं रोप हातात धरून मी त्यात उभी आहे. त्या दिवशी लावलेल्या साठ रोपांपैकी पुढच्या मेमध्ये तीन जिवंत होती, तीही नळाजवळची. ते कात्रण अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि त्यामुळेच हे पत्र लिहिते आहे.

मी राजापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेमागे बंद पडलेली चिरेखाण आहे, तिच्या खालच्या अंगाला वरकस, म्हणजे हलक्या मातीचा, उतार. खाण काढताना वरची माती एका कडेला लोटली होती; ती दोन-तीन पावसाळ्यांत पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, गेली आणि तासलेला जांभा खडक उघडा पडला. उतारावर पूर्वी नाचणी, वरी व्हायची. माणसं मुंबईला गेली, जमीन गवतावर पडली आणि दर शिमग्याच्या सुमारास तिथे वणवा लागू लागला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तरी एप्रिलमध्ये वाडीवर टँकर. माझे विद्यार्थी हे लहानपणापासून बघत आले आहेत, पण असं का होतं हे त्यांना कुणी जमिनीवर उभं करून दाखवलेलं नव्हतं.

पर्माकल्चर हा शब्द मी एका शिबिरात ऐकला. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी हा विचार मांडला. पाणी, माती, झाडं, जनावरं आणि माणूस यांची अशी सांगड घालायची की जमीन दरवर्षी थोडी सुधारत जाईल. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, खाली केळ आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू, असं परडं आपल्या आज्यांनी राखलेलं आहे. भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राची लाखीबाग याच धाटणीची. पण परडं म्हणजे घराजवळची, पाण्याची जागा. उजाड वरकसावर काय करायचं, हे आम्हाला शिकायचं होतं.

होल्मग्रेन यांच्या बारा तत्त्वांतलं पहिलं निरीक्षणाचं आहे. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही एकही रोप लावलं नाही. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत आठवीची मुलं रेनकोट घालून उतारावर उभी राहिली. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे गढूळ होतं, हे त्यांनी काठ्या रोवून दाखवलं आणि मग वर्गात येऊन नकाशा काढला. एका मुलाने वरच्या पाण्याची आणि खालच्या पाण्याची एकेक बाटली भरून आणली. दुसऱ्या दिवशी खालच्या बाटलीत बोटभर गाळ बसला होता. धुपेचा धडा मी वीस वर्षं फळ्यावर शिकवला, पण वर्ग तेव्हासारखा गप्प झालेला मला आठवत नाही.

डिसेंबरात समतल रेषा, म्हणजे उतारावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आखायची वेळ आली. यंत्र नव्हतं. गवंड्याच्या मुलाने घरून ओळंबा आणला, तीन काठ्यांची इंग्रजी A सारखी चौकट बांधली आणि त्यावरून उतारभर रेषा काढून दिल्या. गणितात कायम मागे असलेला हा मुलगा त्या दिवशी वर्गाला शिकवत होता. त्या रेषांवर खाणीतल्या मोडक्या चिऱ्यांचे बुटके गडगे (बांध) रचले आणि वरच्या बाजूला उथळ चर खणले. आज गडग्यांमागे चार बोटं माती साठली आहे. त्यात कुळीथ होतो.

चुकाही सांगते, कारण त्या लपवल्या तर दुसऱ्या शाळा त्याच करतील. पहिल्या चराला आम्ही जादा पाणी जायला सांडवा ठेवला नाही. जुलैच्या एका रात्रीत तो फुटला आणि खालचे दोन गडगे घेऊन गेला. मग पुस्तकात सांगतात म्हणून रोपांभोवती पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या पानांचा, जाड थर दिला. ऑक्टोबरनंतर तो वाळून कोरडाठाक झाला, वाळवी लागली आणि मार्चमध्ये वणवा आला तेव्हा आमच्याच पातेऱ्याने रोपं जाळली. मुली रडल्या. आता पातेरा चरात घालून वर माती ओढतो, रोपाच्या बुंध्याशी जांभ्याचे तुकडे मांडतो आणि फेब्रुवारीच्या आत भोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढलेला पट्टा, काढतो. चार महिने धो धो आणि आठ महिने कोरडं, अशा हवेत दुसऱ्या देशातली युक्ती तपासूनच घ्यावी लागते. उभ्या उताराचं तर फारच जपून. जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडी डोंगराखाली गेल्यावर, जाड मातीच्या कड्यावर मुलांकडून चर खणून पाणी मुरवायचं धाडस कुणी करू नये. भूगर्भाच्या जाणकाराला आधी विचारावं.

सगळ्यात उपयोगी सल्ला एका मुलीच्या आजीने दिला. ती म्हणाली, "करवंदीच्या जाळीत लावा गो, गुरं तोंड घालीत नाहीत." आम्ही करवंदी साफ करायला निघालो होतो! आता जाळीच्या कडेला ऐन, किंजळ, आवळा, रातांबा लावतो आणि गडग्यावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवतो. ते हवेतला नत्र धरतं, पाला मातीत जातो. गेल्या दोन उन्हाळ्यांनंतर चाळीसपैकी सव्वीस झाडं उभी आहेत, नळाचं पाणी न घालता.

एक विनंती सड्यांबद्दल, म्हणजे आमच्याकडच्या कातळाच्या पठारांबद्दल. मोकळा दिसणारा प्रत्येक कातळ पडीक नसतो. आमच्या भागातल्या सड्यांवर श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांची निळाई पसरते, आणि कातळशिल्पं तर २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तिथे खड्डे घेऊन आकेशिया लावणं हा सड्याचा नाश आहे. खाणीने आणि वणव्याने उजाड झालेली जमीन कोणती आणि मुळातच तशी असलेली कोणती, एवढं ओळखता आलं तरी मुलाचं निम्मं शिक्षण झालं असं मी मानते.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि ज्या स्थानिक कारागिरांकडून शिकायचं त्यांत माळीही आहे. हे दहा दिवस सलग उरकू नयेत. दोन जूनमध्ये, दोन ऑगस्टमध्ये, बाकीचे दिवाळीनंतर आणि जाळरेषेच्या वेळी, आणि सगळे एकाच जमिनीच्या तुकड्यावर. ग्रामपंचायतींनी शाळेजवळचा गुंठा-दोन गुंठे उजाड तुकडा निदान पाच वर्षांसाठी लेखी द्यावा. आमच्याकडे नकाशांची वही आहे. नववीत जाणारी मुलं ती खालच्या वर्गाच्या हाती देतात आणि स्वतः उतारावर नेऊन समजावतात. उद्या माझी बदली झाली तरी काम थांबणार नाही ते या वहीमुळे. आणि शिक्षण विभागाने किती रोपं लावली हा रकाना काढून दोन उन्हाळ्यांनंतर किती जगली, हा रकाना घालावा.

आपल्याकडेही एक मागणं आहे. जुलैत फोटोग्राफर पाठवता, तसा येत्या मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाठवा. शाळेला सुट्टी असेल, पण वाडीतली मुलं येतील. सकाळी नऊच्या आत यावं, नंतर कातळ तापतो.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी