नायट्यावरच्या स्टिरॉइडच्या ट्यूब चिठ्ठीशिवाय विकू नका

महोदय,

रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. भातलावणी सुरू झाली की ओपीडीत चिखल्यांनी बोटं सोललेल्या बाया येतात, वाडीवरची मुलं खरूज घेऊन येतात. खरजेचं मला भय वाटत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावलं आणि आठवड्याने पुन्हा लावलं, की ती जाते. नायट्याचं मात्र तसं राहिलेलं नाही.

पूर्वी जांघेतला नायटा दोन-तीन आठवडे मलम लावलं की जायचा. आता पोटावर, कमरेवर, मांड्यांवर वर्तुळात वर्तुळं दिसतात आणि रुग्णाच्या पिशवीतून पिळून चपटी झालेली ट्यूब निघते. तिच्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल आणि बुरशीवरचं औषध टर्बिनाफिन. यातलं क्लोबेटासोल हे अतितीव्र स्टिरॉइड. खाज आणि लाली त्याने दोन दिवसांत दबते, नायटा ज्या बुरशीने होतो तिला मात्र मोकळं रान मिळतं. ‘लावली की बरं वाटतं, सोडली की दुपटीने उठतं,’ असं प्रत्येक जण सांगतो. कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या जांघेत कातडी पातळ होऊन व्रण पडलेत, ते आता जन्मभर राहणार. बायका तर परकराच्या नाडीखालचा नायटा सिस्टर खोलीत असल्याशिवाय दाखवतच नाहीत, तोवर घरातल्या सगळ्यांना झालेला असतो. आणि खाज नसलेल्या, सुन्न चट्ट्यावरही हीच ट्यूब चोळली जाते. तो कुष्ठरोग असला तर निदानाचे मोलाचे महिने वाया जातात.

त्यात टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी देशभर पसरली आहे. 2020 साली तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव मिळालं.

केंद्र सरकारने मार्च 2018 मध्ये त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरी माझे बहुतेक रुग्ण ही ट्यूब दुकानातून नुसती मागून आणतात. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या बाजारपेठांमध्ये तपासणी करावी. पण केवळ दुकानदाराला धरून भागणार नाही. आरोग्य केंद्रात बुरशीवरचं मलम संपलं की रुग्ण त्याच दुकानात जातो. बुरशीवरच्या इट्राकोनाझोलच्या गोळ्या आणि साधं, स्टिरॉइड नसलेलं मलम पूर्ण कुटुंबाला उपचार संपेपर्यंत पुरेल एवढं मिळावं, आणि तो साठा मे महिन्यातच आरोग्य केंद्रात पोहोचावा, ही आरोग्य विभागाला विनंती.

– एक वैद्यकीय अधिकारी, जि. रायगड