केंडलहून पत्र: पाय ओले, बाकी सगळं ठीक

केंडल, इंग्लंड, जानेवारी

ती. तात्या आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. आजीला वेगळा, कारण सगळ्यांबरोबर केला की ती रुसते.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, हॉस्पिटलमधल्या ड्यूटीचं तुम्हाला माहीतच आहे, त्यात नवीन काही नाही. थंडी आहे, पण घरात हीटर असतो, तेव्हा आईने आता स्वेटरचा विषय मिटवावा. फोनवर नीट बोलणंच होत नाही. तुमच्याकडची रेंज जाते, आई मध्येच रडते आणि तात्या "बरं, बरं" म्हणून फोन बंड्याच्या हातात देतात. म्हणून लिहायला बसले. बंड्या, आजीला सावकाश वाचून दाखव.

आधी त्या फोटोचं. मी तो एकट्या बंड्याला पाठवला होता, त्याने तो सगळ्या ग्रुपवर टाकला. लगेच माई आत्याचा फोन: "पोरगी गुडघाभर चिखलात कशाला उभी आहे?" तर आत्या, सुट्टी होती, पाऊस नव्हता आणि मी डोंगरात चालायला गेले होते. एकटी नव्हते. आमच्याच वॉर्डातून निवृत्त झालेली एक सिस्टर बरोबर होती, वय अडुसष्ट, चालायला मला ऐकत नाही. दोघींकडे नकाशा, होकायंत्र, डोक्याला बांधायचा दिवा आणि शिट्टी होती. अडचण आलीच तर मिनिटात सहा वेळा शिट्टी मारायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. केझिक गावातच सुटकेचं पथक आहे, 1947 पासूनचं. सगळी साधी माणसं, हातातलं काम टाकून येतात आणि एक पैसा घेत नाहीत. शिवाय कुठून जाणार, कधी परतणार ते घरमालकिणीला लिहून देऊनच मी बाहेर पडते. तात्यांनी काळजी करायचीच असेल तर बंड्याच्या मोटरसायकलची करावी.

या दिवसांत इथे उजाडायला सव्वाआठ होतात आणि सव्वाचारला सूर्य मावळतो. म्हणून अंधारातच बस धरली आणि केझिकला उतरलो. वॉला क्रॅग, मग ब्लीबेरी फेल, मग हाय सीट. नावं मोठी असली तरी हाय सीट 608 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या निम्मंसुद्धा नाही. वॉला क्रॅगला कडा आहे, पण वाट आतल्या अंगाने जाते. तिथून पुढे नुसतं पठार. पडायला जागाच नाही, रुतायला मात्र भरपूर.

हा आपल्याकडचा चिखल नव्हे. इथे पाऊस अतोनात आणि ऊन नावाला, त्यामुळे मेलेलं गवत आणि शेवाळ धड कुजत नाही. थरावर थर साठत जातो, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. हातभर काठी आत गेली की शेकडो वर्षांखाली गेली समजायची. ओल्या जागी वर स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं, ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. मी मूठभर उपटून पिळलं तर कोपरापर्यंत ओघळ आले. मूठ उघडली तर ते पुन्हा फुगून बसलं, जसं काही झालंच नाही. पहिल्या महायुद्धात कापूस कमी पडला तेव्हा हेच वाळवून, पिशव्यांत भरून जखमांवर बांधत. हे सिस्टरने सांगितलं, आणि मग आम्ही दोघी त्या थंडीत उभ्या राहून ड्रेसिंगवर बोलत बसलो. सवय जात नाही.

चालायचा नियम असा की जिथे हिरवंगार, लुसलुशीत दिसेल तिथे पाय ठेवायचाच नाही. तपकिरी गवताचे झुबके नाहीतर हेदरची काळपट झुडपं पाहून पाऊल टाकायचं. हिवाळ्यात आणखी एक भानगड. वर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो, पहिलं पाऊल तो पेलतो, दुसऱ्याला तडकतो आणि खालचं काळं पाणी बुटात. हाय सीट आणि हाय टोव्ह यांच्यामध्ये पीविट्स म्हणून भाग आहे, फोटो तिथलाच. माथ्यावरून तारेचं कुंपण जातं, ते धरून कधी या बाजूने, कधी त्या. दुपारपर्यंत माणूस दिसलं नाही. मेंढ्या दिसल्या, राखाडी अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या. कुंपण नसलं तरी आपला डोंगर सोडत नाहीत, आईमागे फिरून कोकरं हद्द शिकतात म्हणे.

आता मुद्दा असा, की असल्या ठिकाणी जातं कोण आणि का? हे मी नीट समजावून सांगते, कारण मला स्वतःला ते कळायला फार वेळ लागला. या केंडलच्या नगरपालिकेत वेनराइट नावाचे खजिनदार होते. गाडी चालवायचे नाहीत. सुट्टी मिळाली की बसने डोंगरात जायचे आणि रात्री घरी बसून नकाशे, चित्रं आणि मजकूर सगळं हाताने काढायचे. असं तेरा वर्षं करून त्यांनी सात पुस्तकं केली. त्यांत 214 डोंगर आहेत. सरकारने ठरवलेले नाहीत, सगळ्यांत उंच तेवढेच असंही नाही, या एका माणसाने निवडले म्हणून ते 214. आणि 1966 साली काम संपल्यापासून आजतागायत लोक ती यादी पुरी करतात. आपल्याकडे अष्टविनायक करतात तसं. फरक एवढाच की वर देऊळ नाही, पादुका नाहीत, किल्ला नाही, चहाची टपरीसुद्धा नाही. दगडांचा एक ढीग असतो. त्याला हात लावायचा, वहीत खूण करायची आणि उतरायचं. बक्षीस नाही. काही जण सगळे संपवून पहिल्यापासून पुन्हा सुरू करतात. आर्मबोथ फेल नावाचा डोंगर 479 मीटर, धड वाट नाही, चहूकडे दलदल, पण यादीत आहे म्हणून माणसं तिथे जातात. आम्हीही त्यासाठीच गेलो. तात्या विचारतील, मिळतं काय? मीही तेच विचारलं. सिस्टर म्हणाली, तिने एक डोंगर मुद्दाम ठेवला आहे, यादी संपू नये म्हणून. यावर काय बोलणार?

(बंड्या, हे आजीला वाचू नकोस. वेनराइट 1991 साली गेले, तेव्हा त्यांची रक्षासुद्धा त्यांच्या आवडत्या डोंगरावर, हेस्टॅक्सवर, टाकली.)

मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. सिस्टरने चटणी चाखली आणि अर्धा थर्मास चहा संपवला. तिने केंडलची प्रसिद्ध पुदिन्याची वडी दिली, म्हणजे घट्ट साखरच. 1953 साली एव्हरेस्टवर हीच नेली होती.

आजी, आता तुझ्यासाठी. आर्मबोथवरून उतरलो की खाली थर्लमिअर म्हणून मोठं तळं लागतं. दिसायला देखणं, काठाने देवदारासारखी झाडं. पण ते धरण आहे. मँचेस्टर शहराला पाणी हवं होतं म्हणून बांध घातला आणि 1894 मध्ये पाणी सोडलं. 154 किलोमीटर, एकही पंप नाही, नुसत्या उताराने जातं. आर्मबोथ आणि वाइथबर्नची घरं, शेतं त्याखाली गेली, देऊळ तेवढं वाचलं, म्हणजे त्यांचं चर्च. सिस्टर सांगत होती आणि मला तुझं माहेर दिसत होतं. मी तिला कोयनेचं सांगितलं. तुझे भाऊ ठाणे जिल्ह्यात गेले, तू लग्न होऊन इकडे राहिलीस, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जोती दिसतात तेव्हा तू तिकडे बघत नाहीस. तिने विचारलं, आजीला सोडून तू इतक्या लांब कशी आलीस? मी म्हटलं, बस चुकेल, चल. धरणाच्या भिंतीवरून पलीकडे गेलो तेव्हा दिवे लावावे लागले होते. बस मिळाली.

दिवाळीला आले नाही म्हणून तू रागावली आहेस हे मला कळतं. रजा खरंच मिळत नव्हती. आणि मिळतात त्या सुट्ट्यांत मी डोंगर चढते हे खरं आहे, पण एका दिवसाच्या सुट्टीत साताऱ्याला येऊन जाता येत नाही ना.

पैशाचं. या महिन्याचे पाठवले आहेत, नेहमीपेक्षा थोडे जास्त. बंड्याची डी. फार्म.ची दुसरी फी त्यातूनच भरा, सोसायटीतून उचल घेऊ नका. स्लॅबचं काम पावसाआधी व्हायला हवं, मिस्त्रीला एकदम सगळे देऊ नका. बँकेचं माझं शिक्षणाचं कर्ज वर्षभरात फिटेल. नव्या बुटांची किंमत आत्या विचारत होती. सांगणार नाही. सेलमध्ये घेतले.

आत्याने सांगितलेल्या हिंजवडीच्या स्थळाचं. फोटो पाहिला, माणूस बरा वाटतो. मी नाही म्हणत नाही, आईने लगेच तोंड पाडू नये. पण मी परत येणार का, असं ते विचारत असतील तर त्यांना "हो" सांगू नका. "नाही"ही सांगू नका. मे महिन्यात रजेचा अर्ज केला आहे, मिळाली तर येईन, तेव्हा एकदा भेटते. त्याआधी सुपारी, याद्या, मानपान असलं काही सुरू करू नका. आत्यालाही हे तात्यांनीच सांगावं, माझं ती ऐकत नाही. त्याला एवढं मात्र विचारा, त्याला चालायला आवडतं का.

तुमची,
ताई

ता. क. तात्या, गुडघ्याच्या एक्स-रेचे पैसे त्यात वेगळे धरले आहेत. स्लॅबमध्ये घालू नका. फिल्मचा फोटो बंड्याकडून पाठवा, "आता बरं आहे" असं कळवलंत तर मी आत्यालाच तुमच्यामागे लावीन.