सुईचा दोष कुठला, १९६७ चा कुठला

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

झॉम्बीज या इंग्लिश बँडची 'ओडेसी अँड ऑरॅकल' ही रेकॉर्ड गोड आहे पण पोकळ, असा निकाल लावून आम्ही ती फडताळात ठेवून दिली होती. तुम्ही प्लेअरचं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, जुळवून दिलंत आणि सोबत एक चिठ्ठीही. हे आभार त्या चिठ्ठीचे. जाहीर अशासाठी, की असे निकाल आणखी पुष्कळांनी लावलेले असणार.

पहिलीच ओळ होती: 'बी साइडचं शेवटचं गाणं आधी लावा.' म्हणजे 'टाइम ऑफ द सीझन'. त्यातला प्रत्येक 'स' फाटका येत होता. ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर बाहेरच्या कडेची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्यात तितकंच संगीत दाटीवाटीनं कोरलेलं, त्यामुळे सुई किंचित तिरकी असली तरी पहिला बळी शेवटच्या गाण्याचा. तुम्ही रेकॉर्डच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी या दोन्ही खुणांवर कार्ट्रिज खाचेला समांतर आणलंत. सुईचा खाचेवरचा भार १.२ ग्रॅम होता, रेकॉर्ड जपायची म्हणून कमी ठेवलेला. कार्ट्रिजच्या कागदावर १.८ लिहिलंय. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंती जास्त खरवडते, हे तुम्ही सांगेपर्यंत उलटंच डोक्यात होतं.

मग मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज; स्टिरिओत डावा-उजवा वेगळा. रेकॉर्डिंग १९६७ चं, बरंचसं लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत, चार ट्रॅकच्या टेपवर. आधी मोनो मिक्स झाला. कंपनीनं नंतर स्टिरिओ मागितला तेव्हा त्याचा खर्च बँडमधल्या रॉड आर्जंट आणि ख्रिस व्हाइट यांनी पदरचा केला. 'धिस विल बी अवर इयर'मधली ब्रास वाद्यं थेट मोनो मिक्सवरच चढवलेली, मूळ चार ट्रॅकच्या टेपवर ती नाहीतच. म्हणून मूळ स्टिरिओ रेकॉर्डवर त्या एका गाण्याचा मोनोच ताणून खोटा स्टिरिओ केलाय. पोकळपणा तिथला! तो सुईनं जाणार नाही, हेही तुम्ही लिहून ठेवलंत. ते गाणं मोनो प्रतीवरच ऐकायचं.

बाकीची गाणी अ‍ॅम्प्लिफायरचं मोनो बटण दाबून ऐकावीत. बटण नसेल तर दोन्ही चॅनल साध्या वाय केबलनं जोडायचा मोह होतो. फोन किंवा सीडी प्लेअरच्या बाबतीत तो आवरावा, कारण दोन आउटपुट एकमेकांवर लोड टाकतात. प्रत्येक वायरीत १ किलोओमचा रेझिस्टर घालून मगच जोडावं. फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतोच, सगळ्यांत सोपं तेच.

एवढं झाल्यावर काय काय सापडतं! 'केअर ऑफ सेल ४४'मध्ये व्हाइटचा बेस नुसता ठेका धरत नाही, स्वतंत्र चाल गातो. 'चेंजेस'मधली बासरी मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डची. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, जेमतेम ८ सेकंदांचा, म्हणून सूर कितीही वेळ धरून ठेवता येत नाही. आणि 'बुचर्स टेल', पहिल्या महायुद्धाच्या खंदकातला खाटीक: साथीला भात्याचा ऑर्गन. संगीत नाटकातली पायपेटी ऐकलेल्या कानाला ती धाप ओळखीची वाटते. हे एक गाणं तरी आपल्या लोकांनी चुकवू नये.

रेकॉर्ड एप्रिल १९६८ मध्ये आली तेव्हा बँड फुटलेला होता. अमेरिकेत संगीतकार-निर्माता अल कूपरनं हट्ट धरला म्हणून ती निघाली, आणि 'टाइम ऑफ द सीझन' १९६९ मध्ये तिथे तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. कव्हरवर 'ओडेसी'चं स्पेलिंग चुकलंय ते चित्रकाराच्या हातून, छापखान्याच्या नव्हे, ही तुमची तळटीपही पोचली.

चिठ्ठी प्लेअरच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. १.८ खाली लाल रेघ मारलीय.

आपले,
शनिवारचे श्रोते