पलूसच्या टायपिंगवाल्या काकांना

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर न पाठवता सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही ऐकून घेत नाही. निघायच्या आदल्या दिवशी पाया पडले तेव्हा म्हणालात, "मी काय केलं? झेरॉक्स काढल्या." तुम्ही काय केलंत ते मला एकदा सविस्तर सांगायचंय. आपल्याकडच्या ज्या घरांत आत्ता असेच कागद पसरलेले असतील, तिथल्या पोरापोरींनाही ते कळू दे.

ऑक्टोबर २०२३. बी.टेक. झालं होतं, जर्मनीत मास्टर्स करायचं मनात पक्कं होतं आणि मी दहावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स काढायला एस.टी. स्टँडसमोरच्या तुमच्या दुकानात आले होते. तुम्ही मशीनचं झाकण उघडलंत, कागद ठेवलात आणि परत उचलून घेतलात. "हा डाग कसला गं?" मी म्हटलं, पुराचा. २०१९च्या ऑगस्टमध्ये भिलवडीत कृष्णा आमच्या घरात शिरली, तेव्हा पप्पांनी कागदांची ट्रंक माळ्यावर टाकली होती, तरी तळाच्या कागदांना ओल लागलीच. मी हे सांगत होते आणि तुमचं लक्ष डागावरून हललं होतं. डागाच्या कडेला माझं नाव होतं, त्यातलं एकेक अक्षर तुम्ही बोट ठेवून वाचत होता. मग पासपोर्ट मागितलात.

"तुझ्या नावात 'व' आहे. इथं व्ही लागलाय, पासपोर्टवर डब्ल्यू. डिग्रीवर काय आहे?"

डिग्रीवर डब्ल्यू होता. इतक्या वर्षांत हे ना माझ्या लक्षात आलं होतं, ना पप्पांच्या, ना कुठल्या ऑफिसात. तीस वर्षं टायपिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांची पानं तपासलेल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या स्टुडंट व्हिसाला भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागतं. दिल्लीतलं एपीएसचं कार्यालय आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासतं आणि मग प्रमाणपत्र देतं. तेव्हा फी अठरा हजार रुपये होती. मी तो कागदांचा गठ्ठा दुसऱ्याच दिवशी कुरिअर करणार होते.

माझा एजंट फोनवर म्हणाला, "एक अ‍ॅफिडेव्हिट जोडून टाका, चालतंय." तुम्ही त्यावर जे बोललात ते मी वहीत लिहून ठेवलंय. "चालेलही. पण मूळ कागद दुरुस्त होत असताना चिठ्ठी कशाला जोडायची? पुढं प्रत्येक दारात ती चिठ्ठी दाखवत बसशील." मग शाळेमार्फत कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे करायचा अर्ज तुम्ही टाइप करून दिलात. जनरल रजिस्टरचा उतारा मागायला कधी जायचं, सोबत काय काय न्यायचं, सगळं एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंत. हेलपाटे झाले, महिने गेले, पण नवं मार्कशीट हातात आलं. त्यावर डब्ल्यू होता आणि डाग नव्हता. तेव्हापासून तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाहीत.

पण खरे उपकार त्यानंतरचे आहेत.

एजंटनं मला एक तयार एसओपी, म्हणजे हा विषय का शिकायचाय ते विद्यापीठाला सांगणारं पत्र, पाठवला होता. त्याला पंचवीस हजार आधीच देऊन झाले होते. दोन पानं, छापील पुस्तकातल्यासारखं इंग्रजी. मी प्रिंट काढायला दिली आणि तुम्ही दुकानातच वाचायला बसलात. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना "जरा थांबा" म्हणालात. वाचून झाल्यावर विचारलंत, "यात तू कुठं आहेस?" मला राग आला होता, काका. मनात आलं, बारावीनंतर टायपिंग शिकवणाऱ्या माणसाला मास्टर्सच्या अर्जातलं काय कळणार. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आज सांगते आणि त्याबद्दल माफी मागते.

तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. "बस. पाण्याचा विषय का घेतलास ते मला मराठीत सांग."

मी सांगायला लागले. आमच्या मळ्यात खालच्या अंगाला अर्धा एकर तुकडा आहे, तिथे आजोबांच्या काळात एक नंबर ऊस यायचा. आता उन्हाळ्यात त्यावर पांढरा थर चढतो, मिठासारखा. वर्षानुवर्षं उसाला पाट सोडून पाणी दिलं, निचऱ्याची सोय केली नाही, जमिनीखालचं पाणी वर येत गेलं आणि येताना क्षार घेऊन आलं. पाणी उडून जातं, क्षार वरच राहतात. कृष्णाकाठच्या कितीतरी गावांत हेच झालंय. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ते पाणी काढता येतं, पण एकट्यानं आपल्या तुकड्यात टाकून भागत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून पुढच्या ओढ्यापर्यंत वाट काढावी लागते. मला हे शिकायचंय, पाणी जमिनीत कसं चालतं ते मोजायला शिकायचंय, असं मी म्हणाले. म्हणता म्हणता मला रडू आलं, कारण गेली दोन वर्षं पप्पा त्या तुकड्याकडे जातच नव्हते.

तुम्ही म्हणालात, "हेच लिही. इंग्रजी मोडकं असलं तरी चालंल, स्पेलिंग मी बघतो."

ते पत्र मी सात वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी तुम्ही लाल पेनानं खुणा केल्यात, पण एकही वाक्य स्वतः लिहून दिलं नाहीत. दुसऱ्या सत्रात मॅथ्सला एटीकेटी लागली होती, ती गाळायची का असं मी हळूच विचारलं. "नापासाचं मार्कशीटसुद्धा लाव. सुटलास तेपण लाव. लपवलेलं सापडलं की बाकीचं खरंपण खोटं दिसायला लागतं." घाईत तुम्ही मलाही 'सुटलास' म्हणता, ते मला फार आवडायचं.

त्याच दिवसांत एजंट पैशांबद्दल म्हणाला होता, "ब्लॉक्ड अकाउंटला रक्कम आम्ही फिरवून देतो, टक्केवारी ठरवू." तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणाची फी नसते, पण राहण्या-खाण्याचा एका वर्षाचा खर्च आधीच खात्यात भरून दाखवावा लागतो. तिथे पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच हातात मिळते. आधी भरायची रक्कम तेव्हा वर्षाला ११,२०८ युरो होती, म्हणजे दहा लाखांच्या पुढे. तुम्ही पप्पांना दुकानात बोलावून घेतलंत आणि एकच प्रश्न विचारलात, "ते पैसे त्यानं काढून घेतले तर पोरगी तिकडं महिनाभर काय खाईल?" पप्पा त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी एजंटला फोन करून नको म्हणाले. पंचवीस हजार गेले ते गेलेच.

मग बँक. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला आमच्या बँकेत तारण लागत होतं आणि शेतजमीन तिथे चालत नव्हती. आत्यानं तिचा एनए (बिगरशेती) प्लॉट दिला. तिचे आभार मी वेगळे मानणार आहे, ते एका पत्रात मावणारे नाहीत.

ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातून प्रवेशाचं पत्र आलं. जुलै २०२४ मध्ये ११,२०८ युरो भरले. मुंबईतली व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. आता काही राहिलं नाही असं वाटत होतं. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तुमचा फोन आला, रात्री साडेदहाला. "डब्ल्यू, व्हिसाच्या कागदांची ती यादी मी परत वाचली. एक सप्टेंबरपासून रक्कम वाढलीय. ११,९०४ पाहिजेत. महिन्याला ९९२."

फरक ६९६ युरोंचा. आमच्या हिशोबानं पासष्ट हजारांच्या आसपास. आठ दिवसांवर अपॉइंटमेंट. आईनं न बोलता पाटल्या काढून ठेवल्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बँकेत आलात, पैसे परदेशी पाठवायचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतलात आणि खात्यात नवी रक्कम जमा झाल्याचं पत्र येईपर्यंत रोज संध्याकाळी ईमेल उघडून बघायला लावलंत. ते पत्र अपॉइंटमेंटच्या दोन दिवस आधी आलं. तुम्ही ती यादी दुसऱ्यांदा का वाचलीत, काका? तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आधी एकदा वाचून झाली होती.

मुंबईला निघायच्या दिवशी संध्याकाळी तुम्ही शटर अर्धं खाली ओढून काउंटरवर सगळे कागद मांडलेत. फॉर्म, एपीएस, प्रवेशपत्र, खात्याचं पत्र, विमा, मार्कशीटं, माझं ते सात वेळा लिहिलेलं पत्र. दोन संच, ए-फोर, एकही पिन नाही. फोटो पट्टीनं मोजलेत, ३५ बाय ४५ मिलिमीटर. मग मला म्हणालात, "आता तू मला वाचून दाखव, मी ऐकतो." प्रत्येक कागदावरचं माझं नाव मी अक्षर अक्षर मोठ्यानं वाचलं. पैसे विचारले तर वही काढून झेरॉक्सचे एकशे बारा रुपये सांगितलेत.

त्या रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघाले. व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, हाच विषय का? आणि मला काही आठवावं लागलं नाही. पांढऱ्या थराचा तो अर्धा एकर डोळ्यांसमोर होता, तोच सांगितला.

नंतरची वाट बघणं सगळ्यात जड गेलं. इथे वर्ग सुरू होत आले तरी पासपोर्ट परत आला नव्हता. त्यातच ११ सप्टेंबरला ड्रेस्डेनमधला एल्बे नदीवरचा कॅरोला पूल पहाटे कोसळल्याची बातमी आली आणि आई म्हणाली, हा अपशकुन आहे. तुम्ही तिला दुकानात बसवून ती बातमी मराठीत सांगितलीत, कुणालाही इजा झालेली नाही हे दोनदा सांगितलंत आणि चहा पाजून घरी पाठवलंत. ऑक्टोबरमध्ये व्हिसा आला. मी विद्यापीठाला आधीच उशिराचं कळवून ठेवलं होतं, तेही तुमच्याच सांगण्यावरून.

इथे आल्यावर शहरात नावनोंदणी करायची असते, मग राहण्याचा परवाना घ्यायचा असतो. दोन्हीकडे माझे कागद एका फेरीत झाले. बरोबरच्या एका मुलाला नावातल्या फरकामुळे तीनदा जावं लागलं. तिसऱ्या वेळी मी त्याच्यासोबत गेले आणि जायच्या आधी त्याला त्याचे कागद मोठ्यानं वाचायला लावले.

आता प्रबंधाचं काम सुरू झालंय. आपल्या भागातल्या क्षारपड जमिनीच्या निचऱ्यावरच करायचं ठरलंय आणि पुढच्या उन्हाळ्यात मोजमापं घ्यायला मी भिलवडीला येणार आहे. पप्पांनी त्या तुकड्याच्या बांधावरून चक्कर मारून फोटो पाठवलाय. काकूंना सांगा, त्यांच्या शेंगादाण्याच्या चटणीचा डबा मी तीन महिने पुरवला. आणि उन्हाळ्यात मी येईन तेव्हा प्रबंधाचा कच्चा मसुदा घेऊनच दुकानात येते, स्पेलिंग बघायचंय.

तुमची,
डब्ल्यू