अंकाराहून पत्र

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा बाथरूममध्ये पडले हे मला बारा दिवसांनी, ताईकडून कळलं. त्याच सुमारास वर्गात ‘-मिश’ प्रत्ययाची उजळणी चालली होती. जे आपण पाहिलं नाही, फक्त ऐकलं, त्या भूतकाळाला तुर्कीत हा वेगळा प्रत्यय लागतो. बाईंनी एकेक वाक्य करायला सांगितलं. माझ्या तोंडून आलं, ‘बाबाम द्युश्मुश.’ माझे बाबा पडले म्हणे. (बाबांना इथेही बाबाच म्हणतात.) पुढे बोलवेना. सोमालिया, इंडोनेशिया, कझाकस्तान, सगळी मुलं एकदम म्हणाली, ‘गेच्मिश ओल्सुन.’ दुखणं सरून जावो.

आता जे लिहायला धीर होत नव्हता ते. मी तुर्कीची सी-वन ही वरच्या पातळीची परीक्षा पास झाले आणि एम.ए.चा प्रवेश पक्का केला. आणखी दोन वर्षं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण तुम्ही नुसतं ‘ये’ म्हणाला असतात तरी मी आले असते. भाषेचं हे वर्ष त्या एम.ए.साठीच होतं ना? शिष्यवृत्तीत येतानाचं आणि शिक्षण संपल्यावरचं, एवढीच तिकिटं मिळतात, म्हणून या उन्हाळ्यात येत नाही. पैसे साठवतेय, सत्र संपलं की फेब्रुवारीत नक्की येईन.

आई, जेवणाची काळजी करू नकोस. मसुरीचं सूप रोज असतं, दही भरपूर, आणि आयरान म्हणजे आपलं खारं ताकच. वाढणाऱ्या मावशींना आम्ही ‘तेझे’ म्हणतो, त्याचा अर्थही मावशीच, आणि आत्याला वेगळा शब्द, ‘हाला’. जेवण झालं की रांधणारीला म्हणायचं, ‘एलिने साअलक’, तुझ्या हातांना आरोग्य लाभो. तुझा वरणभात इतकी वर्षं खाल्ला आणि मी असं एकदाही म्हटलं नाही. एलिने साअलक, आई.

बाबा, इथे टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन ‘आय’ आहेत. टिंब राहिलं की पाटीवर अनुस्वार विसरल्यावर तुम्ही कान धरायचात ते आठवतं. क्रियापद मात्र आपल्यासारखं शेवटी, त्यामुळे सोपं गेलं.

बाथरूममध्ये धरायला दांडा याच आठवड्यात बसवा. ती जुनी पायपुसणी फेकून द्या. रात्री पॅसेजचा दिवा चालू ठेवा, बिल मी भरेन. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना पुन्हा विचारा. रात्री साडेनऊला फोन करत जा, तेव्हा इथे सात वाजलेले असतात आणि मी खोलीतच असते. आणि काही झालं तर त्याच दिवशी सांगा. मी रडेन, पण सांगा.

तुमची,
छोटी

ता. क. दांडा बसला की फोटो पाठवा.